विश्वासू कारभारी जॉर्ज म्युलर



रविवारच्या उपासनेत गीत सुरू असताना दानार्पणाची थैली बाकांमधून फिरू लागते आणि आपला हात खिशाकडे किंवा पर्सकडे जातो. त्या दोनतीन क्षणांत अंतःकरणात काय काय चालते, हे प्रभूवाचून कोणालाच ठाऊक नसते. नोट काढावी की नाणे? पलीकडच्या बाकावरील बंधूंनी काय टाकले? महिनाअखेर आहे, पुढच्या रविवारी पाहू. असे विचार ज्याच्या मनाला कधी शिवले नाहीत असा ख्रिस्ती मनुष्य विरळाच. आज ज्या पुरुषाचे चरित्र आपणापुढे ठेवीत आहे, त्याच्या मनात तरुणपणी याहून पुष्कळ वाईट विचार येत असत. थैलीत काय टाकावे हा त्याचा प्रश्न नव्हताच. थैलीतून काय काढता येईल, हा होता.

जॉर्ज म्युलर हे नाव आपणांस नवे नाही. दूधवाल्याची व पाववाल्याची गोष्ट आपण संडे स्कूलमध्ये ऐकली असेल. व्यासपीठावरून तर ती अनेकदा ऐकली असेल. ती येथे पुन्हा सांगत नाही. प्रार्थनावीर म्हणून म्युलरांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु दान देणारा आणि दान स्वीकारणारा या नात्याने त्यांच्याकडे पाहिले, तर एक निराळाच मनुष्य आपल्यासमोर उभा राहतो, आणि मला तो अधिक जवळचा वाटतो.

प्रशिया देशातील क्रोपेनश्टेट या गावी २७ सप्टेंबर १८०५ रोजी जॉर्जचा जन्म झाला. वडील सरकारी कर वसूल करणारे अधिकारी. घरात सरकारी पैसा असे, आणि दहा वर्षांचा होण्याआधीच जॉर्ज त्यातून चोरी करू लागला. हिशेब जुळेना, तेव्हा वडिलांना संशय आला. त्यांनी मोजून ठेवलेली रक्कम मुद्दाम त्याच्या खोलीत ठेविली. त्याने त्यातले काही पैसे उचलून बुटात, पायाखाली दडविले. झडती झाली, चोरी उघडकीस आली, मार बसला. सवय मात्र गेली नाही. चौदा वर्षांचा असताना आई मरणशय्येवर होती, आणि हा मुलगा रात्री दोन वाजेपर्यंत पत्ते कुटीत बसला होता. सोळाव्या वर्षी खानावळींची बिले बुडवून पळून जाण्याचा प्रयत्न केला, म्हणून नाताळाचे दिवस त्याने तुरुंगात काढले.

पुढे नॉर्डहाउझेन येथील शाळेत असताना त्याने जे केले, ते आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. वडिलांनी पाठविलेले पैसे त्याने उडविले होते. मग आपल्याच पेटीचे कुलूप त्याने आपल्या हाताने मोडले आणि घाबऱ्याघुबऱ्या चेहऱ्याने मुख्याध्यापकांच्या खोलीत धावत जाऊन चोरी झाल्याची बोंब ठोकली. मित्रांना दया आली. त्यांनी आपापसात वर्गणी काढून गेली म्हणून सांगितलेली रक्कम त्याला भरून दिली. ज्यांच्या हाती पुढे जगभरातून दाने आली, त्यांच्या वाट्याला आलेले दान हे असे होते.

१८२५ साली हाले विद्यापीठात धर्मशास्त्राचा विद्यार्थी असताना तो मित्रांसमवेत स्वित्झर्लंडच्या सहलीला गेला. सर्वांच्या पैशांची सामाईक थैली जॉर्जकडे होती. हिशेबात त्याने अशी काही चलाखी केली की, मित्रांना जेवढा खर्च पडला त्याच्या दोन तृतीयांशच त्याला पडला. पुढे स्वतःच ही गोष्ट छापून प्रसिद्ध करताना त्यांनी आपली तुलना थैली बाळगणाऱ्या यहूदाशी केली आहे. त्यांनी ती सांगितली नसती तर जगाला कधी कळलीही नसती.

त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्यात, एका शनिवारी संध्याकाळी, एक मित्र त्याला एका साध्या व्यापाऱ्याच्या घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेस घेऊन गेला. तेथे एक बंधू गुडघे टेकून प्रार्थना करू लागले. पाळक होण्यासाठी शिकणाऱ्या या तरुणाने तोपर्यंत कोणाला गुडघ्यांवर प्रार्थना करताना पाहिले नव्हते! घरी परतताना अंतःकरणात एक अनोळखी आनंद भरून आला होता. त्या रात्रीपासून म्युलरांचे जीवन पालटले.

पालटलेल्या जीवनाची पहिली कसोटी पैशाचीच होती. मुलाने चांगल्या उत्पन्नाच्या ठिकाणी पाळक व्हावे आणि आपण त्याच्या घरी सुखाने म्हातारपण काढावे, अशी वडिलांची इच्छा होती. मिशनरी होण्याचा विचार मुलाने बोलून दाखविताच ते संतापले, रडलेही. तेव्हा ज्यांची इच्छा आपण पुरी करू शकत नाही त्यांचा पैसाही घेणे योग्य नाही, असे म्युलरांनी ठरविले. शिक्षण अद्याप पुरे व्हावयाचे होते. हाले येथे आलेल्या काही अमेरिकन प्राध्यापकांना जर्मन शिकविण्याचे काम मिळाले आणि निर्वाह होऊ लागला. बापाच्या पेटीतून चोरणाऱ्या हाताने आता बापाने खुशीने दिलेले पैसेही नाकारले होते.

१८२९ साली ते लंडनला आले. तेथे एका मनुष्याविषयी त्यांच्या कानी आले, आणि त्याचा ठसा जन्मभर राहिला. हे गृहस्थ म्हणजे अँथनी नॉरिस ग्रोव्ह्ज, एक्सेटर शहरातील दंतवैद्य. त्यांचे वार्षिक उत्पन्न सुमारे १,५०० पौंड होते. त्या काळी ही फार मोठी रक्कम. पतिपत्नींनी आधी उत्पन्नाचा दशांश देण्यास आरंभ केला, मग चतुर्थांश, आणि पुढे निर्वाहापुरते ठेवून बाकीचे सर्व. शेवटी धंदाही सोडून ग्रोव्ह्ज सुवार्तेसाठी बगदादला गेले आणि तेथून १८३३ साली आपल्या हिंदुस्थानात आले. मद्रास इलाख्यातील चित्तूर येथे त्यांनी पुढे बरीच वर्षे कार्य केले. ख्रिस्ती मनुष्याने पृथ्वीवर संपत्ती साठवू नये, हे प्रभूचे शिक्षण जसेच्या तसे पाळण्यासाठी आहे, असे प्रतिपादन करणारी एक छोटी पुस्तिका त्यांनी १८२५ साली प्रसिद्ध केली होती. दशांश हा देण्याचा शेवट की आरंभ, हा वाद आपल्या मंडळ्यांत आजही चालतो. ग्रोव्ह्ज दांपत्याने तो वाद घातला नाही. त्यांच्यापुरता तो आरंभ ठरला.

याच ग्रोव्ह्जांची बहीण मेरी हिच्याशी ७ ऑक्टोबर १८३० रोजी म्युलरांचा विवाह झाला. तेव्हा ते डेव्हन परगण्यातील टिनमथ या समुद्रकाठच्या गावी एका लहान मंडळीचे पाळक होते. वार्षिक वेतन ५५ पौंड, आणि ते उपासनामंदिरातील बाकांच्या भाड्यातून येई. ज्याचे भाडे अधिक त्याला पुढचा बाक, गरिबाला मागचा कोपरा. सोन्याची अंगठी घालून आलेल्याला मानाची जागा आणि मळकट वस्त्राच्या मनुष्याला पायांजवळची, अशा वागणुकीचा याकोबाने आपल्या पत्रात निषेध केला आहे. तो वाचल्यावर म्युलरांना ते भाडे घेववेना. लग्नाला महिना होण्यापूर्वीच त्यांनी वेतन सोडले, बाक सर्वांना मोकळे केले आणि मंदिरात एक पेटी ठेविली. ज्याला पाळकाच्या निर्वाहासाठी द्यावेसे वाटेल त्याने तीत गुपचूप टाकावे. पेटी उघडणारे बंधू कधीकधी कितीतरी आठवडे ती उघडीतच नसत, आणि घरात पैसा नसला तरी म्युलर त्यांना आठवण करीत नसत. आपली गरज मनुष्याला सांगावयाची नाही, हा पतिपत्नींचा निश्चय होता. नवविवाहित मेरीबाईंच्या मनाची तेव्हा काय अवस्था झाली असेल, याचा विचार कोणी चरित्रकार फारसा करीत नाही! पण त्या डगमगल्या नाहीत. वर्षअखेर हिशेब पाहिला, तो ५५ पौंडांच्या ठिकाणी सुमारे १३१ पौंड मिळाले होते. त्यातूनही त्यांनी पुष्कळ वाटून टाकले होते.

१८३२ साली म्युलर आपले मित्र हेन्री क्रेक यांच्यासह ब्रिस्टलला आले. दोन वर्षांनी त्यांनी ख्रिस्ती शाळा चालविणे, पवित्र शास्त्राचा प्रसार करणे आणि मिशनरी कार्यास साहाय्य करणे, या उद्देशांनी एक संस्था स्थापन केली. कर्ज काढावयाचे नाही आणि कोणापुढे हात पसरावयाचा नाही, हे तिचे नियम. ब्रिस्टलच्या रस्त्यांवर अनाथ मुले भटकत असत. हाले येथे ऑगस्ट हेर्मान फ्रांके या देवभक्ताने एकशे तीस वर्षांपूर्वी उभारलेल्या विशाल अनाथाश्रमात म्युलर विद्यार्थिदशेत दोन महिने राहिले होते; १८३५ च्या नोव्हेंबरात फ्रांके यांचे चरित्र पुन्हा हाती आले आणि विचार पक्का झाला. केवळ मुलांची कणव हे एकच कारण नव्हते. देव आजही आपल्या लोकांची प्रार्थना ऐकतो, हे दुबळ्या विश्वासाच्या ख्रिस्ती जनांना डोळ्यांनी दिसावे, अशी त्यांची इच्छा होती. ८१ व्या स्तोत्रात तोंड मोठे उघडण्याविषयी आणि देवाने ते भरण्याविषयी जे वचन आहे, ते वाचून त्यांनी देवाजवळ एक घर, १,००० पौंड आणि योग्य सेवक मागितले.

पहिले दान एक शिलिंगचे आले. मग कोणी कपाट दिले, कोणी ताटे, वाट्या, सुऱ्या, काटे, कोणी अंगावरची कापडे. याच सुमारास एक देणगी अशी आली की, तिने म्युलरांना पेचात टाकले. वाचकहो, येथे थोडे थांबू या.

ब्रिस्टलमध्ये शिवणकाम करून पोट भरणारी एक भगिनी होती. प्रकृतीने नेहमीची दुखणाईत. आठवड्याची मिळकत सरासरी साडेतीन शिलिंग. या बाईने अनाथाश्रमासाठी १०० पौंड पाठविले. म्हणजे तिची सुमारे अकरा वर्षांची कमाई! म्युलरांनी ते पैसे लगेच घेतले नाहीत. भावनेच्या भरात दिलेले आणि उद्या पश्चात्ताप करावयास लावणारे दान त्यांना नको होते. त्यांनी तिला बोलावून घेतले, खर्चाचा हिशेब करावयास सांगितले, हवाला दिला, मन वळविण्याचा प्रयत्न केला. तेव्हा सारी हकिगत बाहेर आली.

आजीने नातवंडांच्या नावे ठेवलेली रक्कम तिच्या वडिलांच्या मृत्यूनंतर भावंडांच्या हाती आली होती. वडील दारूचे व्यसनी. मागे कर्ज ठेवून वारले. कायद्याने मुलांवर त्या कर्जाचा काडीचाही भार नव्हता. तरीही भावंडांनी सावकारांना पौंडामागे पाच शिलिंग, म्हणजे रुपयाला चार आणे, देऊ केले, आणि ते त्यांनी आनंदाने घेऊन प्रकरण मिटविले. परंतु या भगिनीचे समाधान होईना. कसाही असला तरी तो आपला बाप होता, आणि त्याचे ऋण फेडण्याची ऐपत आज आपल्याला आहे, असे तिला वाटले. ती एकेका सावकाराकडे गुपचूप गेली आणि आपल्या वाट्यातून आणखी ४० पौंड खर्चून तिने बापाचे कर्ज पैनपै फेडले. भावंडांनी आईला प्रत्येकी ५० पौंड दिले. आपण देवाचे लेकरू आहोत, तेव्हा आपण दुप्पट द्यावे, म्हणून हिने १०० दिले. आणि उरलेल्यातून हे १०० पौंड अनाथांसाठी होते. प्रभू येशूने आपल्यासाठी रक्ताचा शेवटचा थेंब दिला, तर आपण ही रक्कम का देऊ नये, असा तिचा उलट प्रश्न होता. एवढेच नव्हे तर मंडळीतील गोरगरिबांसाठी आणखी ५ पौंड तिने म्युलरांच्या हाती ठेविले.

म्युलरांनी ते दान स्वीकारले. ही बाई पुढे १८४४ च्या जानेवारीपर्यंत जगली. तोवर तो सर्व पैसा तिने गरजवंतांना, कोणास कळू न देता, देऊन टाकला होता आणि दुखणाईत शरीराने ती पुन्हा सुईदोऱ्यावर पोट भरीत होती. दिल्याचा पश्चात्ताप तिच्या तोंडून म्युलरांनी कधी ऐकला नाही. दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेविषयी प्रवचने पुष्कळ होतात. परंतु त्या विधवेच्या टोल्या आपल्याच हाती आल्या असत्या, तर आपण काय केले असते? परत केल्या असत्या, की डोळे मिटून घेतल्या असत्या? माझ्या मते, म्युलरांनी आधी नको म्हणून पाहिले आणि मग तिचा हक्क मान्य करून घेतले, यात त्यांचे मोठेपण आहे. गरिबालाही देण्याचा हक्क असतो. दया करण्याच्या नादात आपण तो त्याच्यापासून हिरावून घेतो.

घर मिळाले, पैसा आला, सेवक मिळाले. ३ फेब्रुवारी १८३६ रोजी मुलांसाठी अर्ज घेण्यास म्युलर मंडळीच्या खोलीत बसले. दोन तास गेले. एकही अर्ज आला नाही! खिन्न मनाने घरी परतत असता त्यांच्या लक्षात आले की, आपण घर, भांडी, पैसा, माणसे, सर्वांसाठी प्रार्थना केली. मुलांसाठी मात्र केली नाही. ब्रिस्टलमध्ये अनाथांचा तुटवडा पडेल असे कोणाला वाटले असते? ती संध्याकाळ त्यांनी गुडघ्यांवर घालविली. दुसऱ्या दिवशी पहिला अर्ज आला. एप्रिलमध्ये विल्सन स्ट्रीटवरील भाड्याच्या घरात मुलींचा आश्रम सुरू झाला आणि पाठोपाठ लहानग्यांसाठी व मुलग्यांसाठी घरे घेतली गेली.

१८३८ पासून काही वर्षे अत्यंत ओढाताणीची गेली. कित्येकदा सकाळी दुपारच्या जेवणाची सोय नसे. त्या वर्षी सप्टेंबरात म्युलरांनी आश्रमातील सेवकांना एकत्र बोलावून खरी परिस्थिती सांगितली. बाहेर मात्र कोणालाही सांगावयाचे नाही, अशी ताकीद दिली. मग जे घडले ते मला त्या प्रसिद्ध पाववाल्याच्या गोष्टीहून मोठे वाटते. अल्प वेतनावर राहणाऱ्या त्या शिक्षिकांनी व मदतनिसांनी आपल्या चंचीतील शिलिंग काढून दिले, कोणी आपल्या वस्तू विकून पैसे आणले. मुलांचे एकही जेवण चुकले नाही. १८४१ च्या डिसेंबरात टंचाई शिगेला पोहोचली असता वार्षिक सभेची व अहवालाची वेळ आली. आता अहवाल वाचला तर ती याचनाच ठरेल, असे म्हणून म्युलरांनी ती सभा काही महिने पुढे ढकलली.

छापील अहवाल काढणे हीदेखील एक प्रकारची याचनाच नव्हे काय, असा आक्षेप घेतला गेला आहे, आणि तो अगदीच निराधार नाही. लोक अहवाल वाचीत आणि पैसे पाठवीत. शिवाय न मागणे हा काही सर्व ख्रिस्ती सेवकांसाठी नियम नव्हे. यरुशलेमातील गरीब पवित्र जनांसाठी पौलाने करिंथकरांकडे उघडउघड मागितले, मासेदोनियाच्या मंडळ्यांचा दाखला देऊन त्यांना लाजविलेही. तेव्हा आपल्या मंडळीचे खजिनदार रविवारी निवेदन करावयास उभे राहिले, तर म्युलरांचे नाव घेऊन त्यांना खाली बसवू नका! म्युलरांचा मार्ग हा त्यांना मिळालेल्या पाचारणाचा भाग होता.

पैसा नाकारण्याचे धैर्यही त्यांच्या ठायी होते. जो कर्जात आहे त्याने आधी कर्ज फेडावे, असे त्यांचे मत. अशा मनुष्याचे दान ते स्वीकारीत नसत. एका सद्गृहस्थाने म्युलर पतिपत्नींच्या वृद्धापकाळासाठी कायमचा निधी सुरू करावा म्हणून १०० पौंड पाठविले. म्युलरांनी नम्रपणे नकार कळविला. त्या गृहस्थाने अनाथांसाठी म्हणून पैसे पाठविले! त्यांची एकुलती कन्या लिडिया शाळेत होती. शाळा चालविणाऱ्या भगिनी फी घेण्यास तयार नव्हत्या. म्युलर फुकट शिकविण्यास तयार नव्हते. त्यांनी आग्रहाने बिल मागवून पैसे भरले, तो तेवढीच रक्कम त्यांच्याकडे निनावी परत आली. कोणाकडून आली हे ओळखण्यास त्यांना वेळ लागला नाही, पण पुढे बिल काही मिळेना.

१८४५ साली विल्सन स्ट्रीटवरील एका शेजाऱ्याने पत्र लिहून मुलांच्या गोंगाटाची व पाण्याच्या अडचणीची तक्रार केली. म्युलर रागावले नाहीत. तक्रार रास्त आहे असे त्यांना आढळले, आणि त्यातूनच शहराबाहेर स्वतःची इमारत बांधण्याचा विचार निघाला. त्याच डिसेंबरात १,००० पौंडांचे एक दान आले. ॲशली डाउन या टेकडीवरील जमिनीचा मालक एकरी २०० पौंड मागत असे. एका पहाटे तीनपासून पाचपर्यंत त्याला झोप लागेना. अंथरुणात पडल्या पडल्या त्याने निश्चय केला की म्युलर आले तर १२० पौंडांनी द्यावयाची, आणि तशीच दिली. १८४९ साली ३०० मुलांसाठी बांधलेल्या पहिल्या इमारतीत मुले राहावयास गेली. १८७० पर्यंत एकामागून एक पाच प्रचंड इमारती उभ्या राहिल्या व त्यांत २,०५० मुलांची सोय झाली. म्युलरांच्या हयातीत दहा हजारांवर अनाथांना तेथे घर मिळाले. त्यांच्या संस्थेच्या साहाय्याने चालणाऱ्या शाळांतून एक लाख वीस हजारांहून अधिक विद्यार्थी शिकले. अडीच लाख पौंडांहून अधिक रक्कम मिशनरी कार्यासाठी देण्यात आली. एकंदर सुमारे पंधरा लाख पौंड त्यांच्या हातून गेले. एका पेनीची देणगी आली तरी तिची पावती व अहवालात नोंद होत असे. स्वित्झर्लंडच्या सहलीतील त्या सामाईक थैलीची आठवण असलेल्या मनुष्याने ठेविलेले हे हिशेब होते.

वयाच्या सत्तराव्या वर्षी, लोक काठी घेतात त्या वयात, म्युलर सुवार्तेच्या प्रवासास निघाले. सतरा वर्षांत ४२ देश, दोन लाख मैल. १८८३–८४ मध्ये ते हिंदुस्थानात येऊन गेले आणि काही वर्षांनी पुन्हा आले. १८९० च्या जानेवारीत ते जबलपुरात असता ब्रिस्टलहून वार्ता आली की, लिडिया प्रभूकडे गेली. मेरीबाई तर १८७० सालीच गेल्या होत्या. तीस वर्षे अनाथाश्रमात काहीही वेतन न घेता राबलेली ती कन्या, आणि चौऱ्याऐंशी वर्षांचा बाप सातासमुद्रांपलीकडे आपल्या नर्मदाकाठच्या प्रदेशात! जबलपूरच्या वाचकांना हे ठाऊक आहे की नाही, न कळे.

म्युलरांचे हिंदुस्थानाशी दुसरेही एक नाते आहे, आणि ते आपणा मराठी ख्रिस्ती जनांचे विशेष आहे. पंडिता रमाबाईंनी म्युलरांचे आत्मवृत्त वाचले होते. त्यांच्याप्रमाणे केवळ प्रभूवर विसंबून हिंदुस्थानात कार्य करणे शक्य आहे काय, हा प्रश्न त्या वाचनाने बाईंच्या मनात उभा राहिला. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील उपाशी मुलींना पुण्याकडे आणताना आणि केडगावच्या माळावर मुक्तिसदन उभारताना त्यांनी स्वतःच्या कृतीने त्याचे उत्तर दिले. ब्रिस्टलच्या शिवणकाम करणाऱ्या त्या बाईने दिलेले १०० पौंड अशा वाटेने केडगावपर्यंत पोहोचले, असे म्हटले तर फार चूक होईल काय?

९ मार्च १८९८ रोजी, बुधवारी संध्याकाळी, म्युलरांनी नेहमीप्रमाणे प्रार्थनासभा चालविली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन गेलेल्या सेविकेला ते पलंगाजवळ जमिनीवर निष्प्राण आढळले. वय ९२. अंत्ययात्रेच्या दिवशी ब्रिस्टलमधील कामकाज थांबले आणि हजारो लोक रस्त्याच्या दुतर्फा उभे राहिले. पुढे कायद्याप्रमाणे मालमत्तेची मोजणी झाली. घरातील सामान, पुस्तके आणि रोख रक्कम मिळून एकंदर १७० पौंडही भरले नाहीत. त्यातले रोख पैसे सुमारे साठ.

आपल्याकडे मंदिराच्या पंख्याच्या पात्यांवरसुद्धा दात्याचे नाव रंगविलेले असते. उपदेश लांबला की मी ती नावे वाचीत बसतो. म्युलरांच्या वार्षिक अहवालांतूनही एक दाता वर्षानुवर्षे डोकावत असे. त्याचे नाव नसे. ख्रिस्ताच्या प्रीतीमुळे स्वर्गात संपत्ती साठवू पाहणारा प्रभू येशूचा एक सेवक, अशा अर्थाची नोंद, आणि पुढे रक्कम. रकमा लहान नव्हत्या. हा कोण धनिक, असा तर्क वाचक करीत असत. म्युलरांच्या मृत्यूनंतर त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडा केला. लोकांनी म्युलरांना खासगी खर्चासाठी म्हणून दिलेला पैसा ते स्वतःच त्या नावाने परत देत आले होते. त्या साऱ्या नोंदींची बेरीज ८१,४९० पौंड झाली.